ओठांपुरतं गाणं

रॉय तुस्कानोचं नाव कॅनडात दोनदा झालं. एकदा तो गात होता म्हणून, आणि पंचवीस वर्षांनी पुन्हा, त्याला गाता येत नव्हतं तेव्हा.

तुस्कानो मंडळी मूळची वसईच्या गिरीज गावची. रॉयचे वडील व्हिन्सेंट तिकडे लग्नाच्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवायचे. एक्याऐंशी साली ते बायकोला आणि नऊ वर्षांच्या रॉयला घेऊन टोरांटोला आले. स्कारबरोतल्या एका बारा मजली बिल्डिंगीत बिऱ्हाड केलं आणि एका बेकरीची पावाची व्हॅन चालवू लागले. व्हॅनच्या रेडिओवर त्यांना कंट्री म्युझिकचं स्टेशन सापडलं. ट्रक, शेतं, दारू, सोडून गेलेल्या बायका, दिवसभर तेच. व्हिन्सेंटना त्यातलं इंग्रजी निम्मंच कळायचं, पण शनिवारी रॉय शेजारच्या सीटवर असला की ते आवाज वाढवून सांगायचे, "हे ऐक. ह्यात आपलं व्हायोलिन आहे."

दोन वर्षांनी त्याच बिल्डिंगीत पाचव्या मजल्यावर गिरीजच्याच लोपीसांचं कुटुंब आलं. त्यांचा ऍलन रॉयपेक्षा वर्षाने मोठा. दोघं एका शाळेत, एका चर्चच्या कॉयरमध्ये आणि पुढे एकाच गिटारवर. ऍलनचा आवाज मऊ होता आणि उंच पट्टीत सहज जायचा. रॉयचा आवाज तितका चांगला नव्हता, पण रॉय उभा राहिला की लोक बघायचे. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि त्यावर कधी बोलणं झालं नाही.

वयाच्या विशीत त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि पश्चिमेला निघाले. मॅनिटोबा, सास्काचेवान, अल्बर्टा. जिथे बार असेल तिथे गायचं आणि व्हॅनमध्ये झोपायचं. वसईचं जुनं नाव बसीन, म्हणून त्यांनी स्वतःला 'द बसीन बॉइज' म्हणवून घेतलं. बारवाले पाटीवर स्पेलिंग चुकवून नदीच्या खोऱ्यासाठीचं 'बेसिन' लिहायचे. लोकांना वाटायचं, ही कुठल्यातरी नदीकाठची पोरं असतील. हॅट घातलेले दोन सावळे मुलगे बघून पहिल्या गाण्याला हसणारे लोक तिसऱ्या गाण्यापर्यंत गप्प व्हायचे.

शहाण्णव साली कॅलगरीतल्या एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने त्यांना ऐकलं. त्या हिवाळ्यात ऍलनचे वडील आजारी होते म्हणून तो स्कारबरोला परतला होता आणि रॉय एकटाच कॅलगरीत थांबला होता. त्या माणसाने रॉयला कॉफीला बोलावलं आणि सरळ सांगितलं, की कव्हरवर एकच चेहरा हवा. रॉयने दोन दिवस विचार केला. मग पेट्रोल पंपाजवळच्या फोनवरून ऍलनला कळवलं. ऍलन "बरं" म्हणाला, आणि तिकडे थंडी किती आहे ते त्याने विचारलं.

रॉयचं एक गाणं गाजलं. एक बाप कामावरून घरी येतो, दारात बूट काढतो आणि बुटांवरचा बर्फ वितळेपर्यंत कुणाशी बोलत नाही, अशी साधी गोष्ट होती त्यात. एक अख्खा उन्हाळा ते प्रत्येक ट्रकच्या रेडिओवर वाजत होतं. चाल दोघांनी मिळून व्हॅनमध्ये बसवलेली होती. कव्हरवर तसं लिहिलंही होतं, बारीक अक्षरात. पुढच्या दोन रेकॉर्ड बऱ्या चालल्या, तिसरी चालली नाही. मग जत्रा, रोडिओचे घोड्या-बैलांचे खेळ, कॅसिनो असं दहा वर्षं चाललं. मध्ये रॉयचं लग्न झालं आणि मोडलं. व्हिन्सेंट गेले. त्यांच्या मातीला रॉय लेथब्रिजहून निघाला तो हिमवादळात अडकला आणि दुसऱ्या दिवशी पोचला.

चाळिशीच्या तोंडावर त्याच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी होती, पण आवाज परत आला तो जाडाभरडा, घासलेला. बोलण्यापुरता ठीक, सूर म्हणून काही त्यात राहिलं नव्हतं. रॉय व्हँकुव्हरजवळ एका छोट्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहायला आला आणि दुःख व्हायची वाट बघू लागला. ते झालं नाही. दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग ओठ आपला आहे की दुसऱ्याचा ते कळत नाही, तसं त्याचं झालं. फक्त ते इंजेक्शन उतरायचं नाव घेईना.

त्या घासलेल्या आवाजानेच त्याला दुसरं काम दिलं. व्हँकुव्हरमध्ये बारा महिने कुठलं ना कुठलं शूटिंग चालू असतं. एका ओळखीच्या ड्रायव्हरने त्याला ऑडिशनला नेलं. पेट्रोल पंपाचा मालक, तीन वाक्यं. रॉयने ती कुठलाही जोर न देता म्हटली. लोकांना वाटलं, काय दाबून ठेवलंय ह्या माणसाने. पुढे तो टॅक्सीवाला झाला, डॉक्टर झाला, तुरुंगाचा शिपाई झाला, दोनदा मुडदाही झाला. 'कमी करतो आणि जास्त दिसतं,' असं दिग्दर्शक म्हणायचे. रॉय काही कमी करत नव्हता. होतं तेवढंच दाखवत होता.

दोन हजार एकवीसमध्ये ऑड्री नावाच्या बाईने त्याला बोलावलं. ती एक मोठी मालिका लिहीत होती आणि स्वतःच दिग्दर्शन करणार होती. अल्बर्टातलं एक खेडं, तिथला मोटेल चालवणारा वेड नावाचा माणूस, एकेकाळचा गायक. हा वेड दर दोन भागांनी एकदा गाणार. रॉयची जुनी रेकॉर्डिंग वापरता येत नव्हती. कंपनी बुडाली होती आणि हक्क कुणाकडे आहेत ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ऑड्रीने त्याला चाळीस गायकांचे नमुने ऐकवले. आवाज एकसे एक होते, पण त्यातला एकही वेडच्या, म्हणजे रॉयच्या, तोंडी बसेना.

"एक माणूस आहे," रॉय म्हणाला. "स्कारबरोत स्कूल बस चालवतो."

पंचवीस वर्षांत दोघांमध्ये भांडण असं काही झालं नव्हतं. कुणाच्या लग्नात, कुणाच्या मातीला भेट व्हायची. ऍलनची बायको सॅन्ड्रा पानात आग्रहाने वाढायची. पण एवढ्या वर्षांत रॉयने आपणहून केलेला फोन हा पहिलाच. ऍलनने सगळं ऐकून घेतलं आणि मार्चमध्ये शाळांना आठवडाभर सुट्टी असते, तेव्हा येतो म्हणाला.

तो आला तेव्हा रॉय त्याला बऱ्याच वर्षांनी बघत होता, विमानतळावर लगेच ओळखलं नाही. केस पांढरे, पोट सुटलेलं, अंगात बसकंपनीचं जॅकेट. पण स्टुडिओत कानाला हेडफोन लावून तो पहिली ओळ गायला, आणि काचेपलीकडे बसलेल्या ऑड्रीने हातातला कागद खाली ठेवला. आवाज थोडा खाली उतरला होता, कडेला जरा झिजला होता. वीस वर्षं चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला गाऊन टिकला होता तेवढा टिकला होता. सहा दिवसांत त्याने आठ गाणी रेकॉर्ड केली.

तिसऱ्या दिवशी जेवताना ऍलन म्हणाला, "तू उद्या ओठ हलवशील ना, तेव्हा श्वास चुकवशील."

"म्हणजे?"

"तू ओळ संपल्यावर श्वास घेतोस. मी मध्येच घेतो, दुसऱ्या शब्दानंतर. कॅमेऱ्यात ते दिसणार. खांदे बघतात लोक."

संध्याकाळी रॉयच्या कॉन्डोत त्याने ते शिकवायला घेतलं. रॉयचा हात आपल्या बरगड्यांवर ठेवून तो गायला. रॉयला त्याच्या शर्टाखाली बरगड्या उघडताना आणि मिटताना लागत होत्या. आठही गाणी त्यांनी तशीच केली. रॉयच्या मनात आलं, की आता कॅलगरीचा विषय काढावा. पण नेमकं काय म्हणायचं ते सुचेना, आणि ऍलनला साडेनऊला झोप लागायची.

मालिका चालली, चांगलीच चालली. रॉयला लोक कॉफीच्या दुकानात ओळखू लागले. ऍलनचं नाव शेवटच्या पाट्यांत यायचं, पण पाट्या वाचत कोण बसतं. बऱ्याच लोकांना वाटलं, रॉय तुस्कानोचा आवाज परत आला. एका पत्रकाराने विचारलं तेव्हा रॉयने खरं सांगितलं आणि ते छापूनही आलं. त्यावरून कंट्रीच्या जुन्या चाहत्यांनी इंटरनेटवर त्याला फसवा, दगाबाज असं काय काय म्हटलं. त्यांच्या लेखी दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवणं म्हणजे पापच. रॉयची आई तेव्हा ऐंशीच्या पुढची. तिला हे फोनवर कळलं तेव्हा तिला त्यात काय चुकलं तेच समजेना. "सिनेमात सगळे ओठच हलवतात बाळा," ती म्हणाली. "गाणारा वेगळा असतो."

स्कारबरोत मात्र कुणाचीच फसगत झाली नव्हती. त्या डिसेंबरला वसईकरांचा ख्रिसमसचा कार्यक्रम होता. हॉलमध्ये पाऊल टाकताच तीन-चार म्हाताऱ्या बायका रॉयला सोडून ऍलनकडे गेल्या आणि टीव्हीवर छान गातोस म्हणून त्याच्या गालावर हात फिरवू लागल्या. ऍलन लाजला. रॉय बाजूला प्लेट धरून उभा होता. आपल्याला वाईट वाटायला हवं होतं की बरं, हे त्याला ठरवता आलं नाही.

दुसऱ्या वर्षी मार्चच्या सुट्टीत ऍलन पुन्हा आला आणि आणखी आठ गाणी गाऊन गेला. शूटिंग शरद ऋतूत सुरू झालं. पाच गाणी चित्रित झाली, तीन राहिली होती. नोव्हेंबरच्या एका शनिवारी ऍलन आपल्या गॅरेजमध्ये गाडीला बर्फात चालणारे विंटर टायर्स चढवत होता. तिसरा टायर लावून झाला होता. सॅन्ड्रा जेवायला बोलवायला गेली तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता, हातात पाना तसाच. डॉक्टर म्हणाले, हृदय. काही कळलंही नसेल.

रॉयने शूटिंगमधून चार दिवस मागून घेतले. चर्च भरलेलं होतं. ऍलनच्या बसमधली मुलं आईबापांबरोबर आली होती. कॉयरने मराठी गाणी म्हटली. रॉयने इतर पाच जणांबरोबर शवपेटी उचलली, थडग्यापर्यंत नेली, मूठभर माती टाकली. सगळे रडत होते. ऍलनची मुलगी डिम्पल त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि त्याने तिला थोपटलं. थोपटताना त्याला दिसत होतं, की आपण हे बरोबर करतोय. हात योग्य जागी आहे, वेग योग्य आहे. डोळे कोरडे होते. बर्फ पडायला लागला तेव्हा तो माणसांना गाड्यांपर्यंत सोडायला गेला. ऍलनच्या घरी गॅरेजमध्ये जाऊन चौथा टायर कुणीतरी लावायला हवा होता, म्हणून त्याने तो लावला.

चार दिवसांनी तो सेटवर परतला. ऑड्रीने विचारलं, की गाण्याचा सीन पुढे ढकलू का. रॉय म्हणाला, नको. मोटेलच्या लॉबीचा सेट होता, तीसेक माणसं प्रेक्षक म्हणून बसवली होती. आवाजवाल्याने ट्रॅक सुरू केला. गाण्याच्या आधीचा तुकडा कापायचा राहून गेला होता. स्पीकरमधून खोकल्याचा आवाज आला, मग बाटलीचं झाकण उघडल्याचा, आणि मग ऍलन मराठीत म्हणाला, "थांब रे जरा. पाणी पितो."

आवाजवाल्याने घाईने ट्रॅक बंद केला. काय म्हणाला तो, कुणीतरी विचारलं. रॉयने इंग्रजीत सांगितलं, की त्याला पाणी प्यायचंय, थांबा म्हणतोय. कुणाला कसं वागावं ते कळेना. एक बाई नाक पुसू लागली.

मग पुन्हा सुरुवात झाली. रॉयने दुसऱ्या शब्दानंतर श्वास घेतला. ओळी आल्या तशा त्याचे ओठ हलले, खांदे वर गेले आणि खाली आले. एका टेकमध्ये गाणं संपलं. ऑड्रीने त्याला मिठी मारली. ती म्हणाली, की आजवर तुझ्याकडून असं काम मी पाहिलं नव्हतं. रॉय तिला थँक्यू म्हणाला, बाहेरच्या तंबूत गेला, ताटात भात आणि चिकन वाढून घेतलं आणि सगळं संपवलं. त्याला भूक लागली होती. त्या सीनसाठी पुढच्या वर्षी त्याला एक बक्षीस मिळालं.

तिसऱ्या सीझनची बोलणी सुरू झाली तेव्हा ऑड्रीने त्याला एकट्याला बोलावलं. सोळा गाण्यांच्या रेकॉर्डिंगवरून मशीनला ऍलनचा आवाज शिकवता येणार होता. नवीन गाणी, तोच आवाज. त्यासाठी कुटुंबाची सही लागणार होती. हे सांगताना ऑड्री त्याच्याकडे बघत नव्हती. तिला ते आवडलं नव्हतं, पण वरच्यांना हवं होतं. वकिलाने पत्र पाठवण्यापेक्षा तू जाशील का, तिने विचारलं. रॉय जातो म्हणाला.

एप्रिलचा महिना होता. रस्त्याच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे शेवटचे ढीग होते. सॅन्ड्रा दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते, त्या दिवशी ती रजा घेऊन घरी थांबली होती. तिने आधी जेवू घातलं. मग रॉयने कागद टेबलावर ठेवला आणि सगळं नीट समजावून सांगितलं, काही न लपवता. डिम्पल कॉलेजचा लॅपटॉप उघडून समोर बसली होती, पण टाइप करत नव्हती.

"म्हणजे त्याने कधी न गायलेली गाणी तो गाणार," सॅन्ड्रा म्हणाली.

"हो."

"मध्ये श्वास घेणार?"

"घेतल्यासारखा आवाज करेल."

सॅन्ड्राने कागद उचलला, पहिलं पान वाचलं, परत ठेवला. "तुला काय वाटतं?"

रॉयने खरंच शोधून पाहिलं. "मला काही वाटत नाही, सॅन्ड्रा. बरीच वर्षं झाली. तो गेला तेव्हाही नाही वाटलं. तुला हे सांगायला हवं होतं."

ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती उठली, चहा ठेवला, आणि ओट्याकडे तोंड करूनच बोलू लागली. म्हणाली, तुझ्या मनात कॅलगरीचं असेल तर ते काढून टाक. ऍलनला बारचा वास आवडायचा नाही. व्हॅनमध्ये झोपून त्याची पाठ गेली होती. तुझा फोन आला त्या दिवशी त्याने आईला सांगितलं, की सुटलो. रविवारचं गाणं त्याला पुरायचं.

रॉय ऐकत राहिला. हे खरं आहे की सॅन्ड्राचा चांगुलपणा, हे त्याला तिच्या पाठीवरून ओळखता येईना. तीस वर्षं त्याने एक चोरी सांभाळली होती. तिच्यामुळेच आपण असे बधिर झालो, असा हिशोब मांडला होता. आता ती चोरीच नव्हती म्हणे. मग असे का झालो, ह्याला काही उत्तर उरलं नाही.

"एकाच गोष्टीचं त्याला लागलं होतं," चहा गाळत सॅन्ड्रा म्हणाली. "तू फोनवर सांगितलंस. येऊन सांगितलं नाहीस."

रॉयने मान हलवली. चहात आलं जास्त झालं होतं. त्याने तो प्यायला.

"मॉम, इट्स नॉट हिम," डिम्पल मध्येच म्हणाली. सही केली तरी काय बिघडतं, ते काही डॅड नसणारच, असं तिला म्हणायचं होतं.

"म्हणूनच," सॅन्ड्रा म्हणाली आणि कागद घडी करून रॉयच्या हातात दिला. रॉयने समजूत घातली नाही. निघताना तिने त्याला लोणच्याची बाटली दिली आणि विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नको, काढून घेतात, असं सांगितलं.

व्हँकुव्हरला त्याने जे झालं ते कळवलं. वरचे लोक नाराज झाले. दुसऱ्या गायकाचा आवाज घालावा असंही निघालं. रॉय म्हणाला, दुसऱ्याच्या आवाजावर मला जमणार नाही. तो कधी नाही म्हणत नसे, म्हणून सगळ्यांना आश्चर्य वाटलं. शेवटी ऑड्रीने कथाच बदलली. वेडच्या घशाला आजार झाला, गाणं थांबलं. गाणं नसलेल्या वेडमध्ये बघणाऱ्यांना गोडी उरली नाही, आणि सहाव्या भागात तो मेला.

त्याच्या मातीचं शूटिंग मेपल रिजजवळच्या एका लाकडी चर्चमध्ये झालं. रॉय दोन तास पेटीत पडून होता, आत पांढरं सॅटिन होतं आणि पाठीला गार लागत होतं. बाहेर पाऊस असल्याने कॅमेरा पुन्हा पुन्हा थांबवावा लागत होता. भाड्याने आणलेली माणसं रांगेने येऊन त्याच्याकडे बघून रडत होती. डोळे मिटलेल्या रॉयला त्यांच्या पावलांचे आवाज ओळखू यायला लागले. एक म्हातारा जरा लंगडत होता. तो दर वेळी जवळ आला की हळूच, कॅमेऱ्यात येणार नाही असं, "सॉरी बडी" म्हणायचा. तसं करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पाचव्यांदा त्याने तसं म्हटलं तेव्हा रॉयच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे गेलं. टेक वाया गेला. मेकअपवाली आली, कापसाने टिपलं, पावडर लावली. डोळ्यात काही गेलं का, तिने विचारलं. रॉय म्हणाला, माहीत नाही. ते पाणी कशाचं होतं ते त्याला खरोखर माहीत नव्हतं, आणि पुढच्या टेकला आलंही नाही.

चारला त्याला सोडलं. गाडीत बसून त्याने सॅन्ड्राला फोन लावला. डिम्पलने उचलला. मॉम ग्रोसरीला गेलीय, काही सांगायचं आहे का, तिने इंग्रजीत विचारलं.

"सांग, शूटिंग संपलं," रॉय मराठीत म्हणाला. "आणि विचार, पुढच्या आठवड्यात घरी असशील का. येतो म्हणावं."

"ओके, अंकल. काही काम आहे?"

"काम नाही."

तिने बरं म्हणून फोन ठेवला. रॉयने गाडी सुरू केली. हायवेवर दोन्ही बाजूंना गाड्या थांबलेल्या होत्या, काच पुसणाऱ्या पट्ट्या सगळ्यांच्या चालू होत्या. त्याच्या एजंटचा निरोप आला होता, की ओटावात एका मालिकेत पाद्रीचं काम आहे, चार भाग, गाणं वगैरे काही नाही. सिग्नलला थांबल्यावर त्याने हो कळवलं, आणि ऍलन गायचा त्या स्कारबरोच्या चर्चमध्ये रविवारची मिस्सा किती वाजता असते ते आईला विचारायचं, असं मनाशी ठरवलं.